सोमीबाईच्या डोक्यावरचे दार

३ मे १९६०, मंगळवार. सकाळी सातलाच उन्हाचा चटका. डॉक्टरांकडे चौदा पेशंट, त्यांतले दोन विंचवाचे. मुंबईचा फोटोग्राफर जीप घेऊन आला. त्याच्याबरोबर जामनपाड्याच्या नाल्यापर्यंत गेले, साडेदहाला परत. तिथे सोमीबाई भेटली, घर हलवत होती. फोटोग्राफरने तिचे नऊ फोटो काढले. दुपारी कैरीचे पन्हे. डाव्या चपलेचा अंगठा तुटला.

या नोंदीत एक अक्षर खोटे नाही. पण 'घर हलवत होती' हे शब्द मी जितक्या सहज वहीत लिहिले, तितक्याच सहज ते त्या फोटोग्राफरलाही सांगितले होते, आणि तिथून पुढचे जवळजवळ वर्षभर आम्ही सगळे कागद, कचेऱ्या आणि शपथा यांत अडकून पडलो. आता नऊ वर्षे झाली. डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, जाऊनही चार वर्षे झाली. तो फोटो मात्र दर एक मेला त्या वर्तमानपत्रात पुन्हा येतो, खाली त्याच ओळी घेऊन. मी संपादकांना आजवर सहा पत्रे लिहिली. एका पत्राचे उत्तर आले. आपल्या अंकाबद्दल आपल्याला वाटणाऱ्या आपुलकीबद्दल आभार, असे छापील कार्ड होते.

म्हणून सोमीबाई कोण, ते मीच लिहून ठेवते.

सोमीबाई आमच्या नवापूरच्या पश्चिमेला पाच मैलांवरच्या जामनपाड्याची. मावची आदिवासी, ख्रिस्ती, तेव्हा वय पस्तिशीच्या आसपास. बाजाराच्या दिवशी ती आमच्याकडे तूरडाळ घेऊन यायची. पावसाळ्यात बांबूचे कोंब. इतक्या वर्षांत ती एकदाही खुर्चीवर बसली नाही. मी काहीही सांगितले की मान हलवून "हां बाई" म्हणायची आणि घरी जाऊन तिला हवे तेच करायची. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ती दिवसाला तीन न घेता पहिल्याच दिवशी नऊ घ्यायची, म्हणजे लवकर बरे वाटेल. डॉक्टर तिच्यावर ओरडायचे आणि ती त्यांना पुढच्या खेपेला जास्तीची डाळ आणायची.

तिचा नवरा बाज्या त्या वर्षी फेब्रुवारीत न्यूमोनियाने गेला. डॉक्टर दोनदा पाड्यावर जाऊन आले, पण बोलावणे उशिरा आले होते. मार्चमध्ये थोरला मुलगा गेला. एप्रिलच्या शेवटी धाकटी गंगी तापाने पडली. ती सहा वर्षांची होती आणि सोमीबाईला आता तेवढीच उरली होती.

मावच्यांची एक जुनी रीत आहे. घरात लागोपाठ माणसे गेली की त्या घरात राहायचे नाही. घर नुसते सोडायचे नाही, मोडून न्यायचे. खांब, दार, कौले, कुडाच्या काठ्या, सगळे डोक्यावरून वाहून न्यायचे आणि वाहते पाणी ओलांडून पलीकडे पुन्हा उभे करायचे. गेलेला माणूस पाणी ओलांडून मागे येत नाही, अशी समजूत. जामनपाड्याला पाणी म्हणजे एकच नाला. मे महिन्यात तो घोटाभर असतो, पण आटत नाही.

या रीतीवर इथल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक जालमसिंग यांचा फार राग. ते स्वतः मावचीच, पण प्रार्थनामंदिरात त्यांनी स्पष्ट सांगून ठेवले होते की मेलेल्याच्या भीतीने घर हलवणाऱ्याचे प्रभुभोजन, म्हणजे भाकरी-द्राक्षरसाचा पवित्र प्रसाद, बंद. याचा परिणाम इतकाच झाला की घरे हलतच राहिली आणि कारण विचारले की सगळे "वाळवी" म्हणू लागले. जामनपाड्यात वाळवीने जितकी घरे खाल्ली तितकी बाकी सबंध तालुक्यात खाल्ली नसतील.

सोमीबाईचे घर आणि तीन एकरांचे शेत नाल्याच्या पलीकडे होते. तिने घर अलीकडे आणायचे ठरवले. त्याच्या दोनच दिवस आधी, एक मेला, मुंबई राज्याची दोन राज्ये झाली आणि तो नाला हद्द झाला. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे गुजरात. सोमीबाईला हे कोणी सांगितले नव्हते. सांगितले असते तरी तिने "हां" म्हणून दार उचललेच असते.

फोटोग्राफर तरुण होता. पांढरे कॅनव्हासचे बूट घालून आला होता. त्याला हद्दीचा फोटो हवा होता, आणि हद्दीवर काहीच नव्हते. तार नाही, चौकी नाही, पाटी नाही. एक म्हैस नाल्यात बसली होती. तिचे मागचे अर्धे अंग एका राज्यात आणि पुढचे दुसऱ्या, असे मी त्याला गमतीने म्हटले, पण त्याला हसू आले नाही. एवढ्या लांब येऊन फुकट गेलो, असे तो म्हणत होता, तेवढ्यात समोरून सोमीबाई उतरली. डोक्यावर दार, दाराला उलटी टांगलेली कोंबडी, कमरेला मडके. मागे तिचा पदर धरून तापातून उठलेली गंगी.

तो धावलाच. तिला त्याने तीनदा मागे जायला लावले आणि तीनदा पुन्हा पाण्यातून चालायला लावले. ती गेली आणि आली. मग त्याने मला विचारले की ही कुठे चालली आहे. मी म्हटले, घर हलवते आहे, अलीकडे. तिला महाराष्ट्रात राहायचे आहे का, असे त्याने विचारायला सांगितले. मी विचारले. सोमीबाईने ते काय असते असे विचारले. मी नाल्याच्या दोन्ही बाजूंना हात करून जमेल तसे समजावले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाई, दार जड आहे."

मी त्याला तसेच सांगितले. तो मात्र वहीत बराच वेळ लिहीत राहिला. तेव्हाच मी वही मागून बघायला हवी होती.

नऊ तारखेला वर्तमानपत्र आले. पहिल्या पानावर सोमीबाई. खाली ठळक अक्षरांत, "मरेन तर महाराष्ट्रातच! नव्या राज्यासाठी घरदार उचलून निघालेली आदिवासी माता." फोटो चांगला होता, हे कबूल करायला हवे. पाणी चमकत होते, तिचा चेहरा दाराच्या सावलीत होता. गंगीला मात्र त्याने कापून टाकले होते. पदराच्या टोकाशी नुसती एक छोटी मूठ दिसत होती. मी अंक सोमीबाईला दाखवला. तिने बराच वेळ पाहिला आणि दार आपण उलटे धरले होते, कडी खाली आहे, एवढेच म्हणाली. खाली काय छापले आहे ते मी तिला वाचून दाखवले. छापले असेल, म्हणाली, आणि डाळीची टोपली रिकामी करू लागली.

जूनमध्ये सुरतेकडच्या एका साप्ताहिकात त्याच नऊ फोटोंपैकी दुसरा आला. त्याला तो कोणी विकला, कोण जाणे. त्यात गुजरातीत लिहिले होते की महाराष्ट्राच्या जाचाला कंटाळून एक आदिवासी विधवा गुजरातच्या आश्रयाला येत आहे. तिला तीनदा मागे पाठवले होते, तेव्हा त्या फोटोत ती खरोखरच कदाचित पलीकडे चालली असेल. मी भिंगातून पाहिले. कळत नाही. घोटाभर पाण्यात उभी असलेली बाई कुठून कुठे चालली आहे, हे फोटोवरून कोणालाही सांगता येणार नाही. पण दोन्ही वर्तमानपत्रांना सांगता आले.

इथवर हे हसण्यासारखे होते. मग याकूब उठला.

याकूब हा बाज्याचा धाकटा भाऊ. मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, मंडळीत वडील, म्हणजे पंच, म्हणून निवडलेला, रविवारी बायबलमधला शास्त्रपाठ वाचणारा. बाज्याच्या शेतावर वारस म्हणून सोमीबाईचे नाव लागायचे होते. याकूब पलीकडच्या तलाठ्याकडे, चुनीलालभाईंकडे, मराठी वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन गेला. बाई आपल्या राजीखुशीने परराज्यात निघून गेली, तिने तसे छापून आणले आहे, आता शेत भावाच्या नावावर करा, असा त्याचा अर्ज. चुनीलालभाईंना ती ओळ वाचून अपमान वाटला. मरायचे असेल तर खुशाल तिकडे मरावे, असे ते म्हणाले म्हणे, आणि अर्ज पुढे पाठवला.

शेत गेले तर सोमीबाईकडे काही उरत नव्हते. भात, नागली, तूर, सगळे त्या तीन एकरांतले. नाल्याच्या अलीकडे तिच्याकडे घराएवढी जागा होती, तीही गावच्या पडीक जमिनीतली.

मी आमच्या बाजूच्या कचेरीत गेले. निदान ही आमच्या गावात राहते एवढा तरी दाखला द्या, म्हणजे पळून गेलेली नाही, शेजारी राहून शेत कसते, हे दाखवता येईल. तिथल्या कारकुनाने ड्रॉवरमधून सुरतेचे साप्ताहिक काढून माझ्यापुढे ठेवले. ही बाई गुजरातेत गेली, म्हणाला, आमच्याकडे तिची नोंद कशी करणार? मी म्हटले, ती आता बाहेर तुमच्या ओट्यावर बसली आहे. तो म्हणाला, बसायला कोणाची हरकत नाही.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवले होते की राग आला तर दहा आकडे मोजावेत. मी त्या ओट्यावर शंभर मोजले.

उपाय एकच होता. खरे कारण लिहायचे. घरात दोन माणसे गेली, तिसरे आजारी पडले, म्हणून रीतीप्रमाणे घर पाण्यापलीकडे नेले. शेत सोडायचा प्रश्नच नाही, शेत कोणी डोक्यावर नेत नाही. मी अर्ज लिहिला आणि तिला वाचून दाखवला. तिने तो माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि चुलीपाशी ठेवला. हे पाळकबाबांना कळेल, म्हणाली.

मी म्हटले, कळू दे. ती म्हणाली, नाताळ तोंडावर आहे, प्रभुभोजन बंद होईल, बाज्याला आणि पोराला मंडळीच्या जागेत पुरले आहे, तिथे आपण बाहेरच्यासारखे उभे राहायचे का? मग काय लिहू, विचारले. "वाळवी लिहा."

मी वाळवी लिहिली नाही. दुसरा अर्ज लिहिला, मोघम. तिसरा लिहिला, पाण्याच्या सोयीसाठी. नाला दोन्ही घरांना सारखाच जवळ, तेव्हा तोही फाडला. चौथा डॉक्टरांनी लिहिला, हवापालटासाठी. मला हसूही आले आणि रडूही. तिने मला शपथ घातली होती की खरे कारण मी कोणाला सांगायचे नाही, आणि मी मूर्खासारखी ती घेतली होती. वहीत त्या दिवसांत रोज एकच वाक्य आहे, सोमीबाई आली, ऐकत नाही.

१७ जानेवारी १९६१ ला पलीकडचे मामलतदार जागेवर चौकशीला आले. जुन्या मुंबई राज्यात त्यांची बरीच वर्षे खानदेशात गेली होती, मराठी चांगली बोलायचे, मावचीही त्यांना येत होती. नाल्यापाशी मोहाखाली खाट टाकली होती. चुनीलालभाई कागद घेऊन उभे. याकूब कोट घालून आला होता आणि आपण किती सचोटीचे आहोत हे सांगायला त्याने पाळक जालमसिंगांना बरोबर आणले होते. पाड्यावरची पंचवीस-तीस माणसे जमली. मी छत्री उघडून बाजूला बसले.

इथून पुढचे बोलणे मावचीत झाले. ते मी माझ्या मराठीत लिहिते आहे, कारण वहीत तसेच उतरवले आहे.

याकूबने कात्रण दिले. मामलतदारांनी ते वाचून सोमीबाईला विचारले की हे तू बोललीस का. नाही, म्हणाली. याकूब शांतपणे म्हणाला, "छापलेलं आहे साहेब. मी नाही छापलं."

मामलतदारांनी घर का नेलेस विचारले. सोमीबाईने माझ्याकडे पाहिले, मग पाळकांकडे, आणि म्हणाली, वाळवी. मी डोळे मिटून घेतले. मामलतदार उठले, नाला ओलांडून तिच्या घरापर्यंत गेले, खांबांना हात लावून परत आले. जुन्या घराचे खांब तेच ना, विचारले. हो. वाळवी लागलेले खांब बाई डोक्यावरून कशाला नेशील, म्हणाले. उत्तर माझ्याकडे होते, पण मी शपथेने बांधलेली. मला तिचा राग आला, पाळकांचा आला, फोटोग्राफरचा तर आलाच.

मग याकूबने चूक केली. गप्प राहिला असता तर शेत त्याचेच होते. तो म्हणाला, "माझा भाऊ गेला आणि ही तिसऱ्या महिन्यात चालती झाली. तिला दुसऱ्याचं घर करायचं होतं, तिनं केलं."

सोमीबाई जमिनीवर बसली होती, ती उठली. आवाज चढवला नाही. "याकूब, बा मेला तेव्हा तू तुझं घर टेकडीवरून नाला ओलांडून खाली आणलंस. का रे?"

"वाळवी होती."

मागे कोणीतरी हसले. मामलतदारांनी चष्मा काढून डोळे चोळले. या गावात माणसे राहतात की वाळवी, असे ते गुजरातीत चुनीलालभाईंना म्हणाले.

"साहेब, वाळवी नव्हती," सोमीबाई म्हणाली. "त्याच्याकडं नव्हती, माझ्याकडं पण नव्हती. माझा माणूस मेला, पोरगा मेला, गंगी तापली. घर पाण्यापलीकडं नेलं आणि ती उठून बसली. पलीकडं दुसरं राज्य आहे हे मला या बाईंनी सांगितलं, तेव्हा दार माझ्या डोक्यावर होतं. मी काय करणार, खाली ठेवणार?"

मामलतदारांनी अशी रीत आहे का, असे जमलेल्या माणसांना विचारले. पंचवीस-तीस माणसे, सगळ्यांची घरे कधी ना कधी हललेली, आणि सगळी खाली बघत होती. याकूब म्हणाला की ख्रिस्ती माणसांत असे काही नसते, हवे तर पाळकसाहेबांना विचारा.

विचारले. पाळक जालमसिंग पुढे येऊन उभे राहिले. मला वाटले, संपले. ते उपदेश सुरू करतील असे त्यांच्या उभे राहण्यावरून वाटत होते. पण ते म्हणाले, "आहे. चुकीची आहे, पण आहे. माझ्या आईनं तीनदा घर हलवलं. तिसऱ्या खेपेला दार मी वाहिलं. मी अकरा वर्षांचा होतो."

याकूबने कोटाची बटणे लावायला सुरुवात केली. मामलतदारांनी पाळकांचा जबाब लिहून घेतला आणि सही घेतली. मग मागची माणसे एकेक करून पुढे येऊ लागली, माझ्या बापानं हलवलं, माझ्या सासूनं हलवलं. तासभर आधी ही तोंडे कुठे होती, असे मला फार विचारावेसे वाटले. विचारले नाही.

पुढच्या रविवारी पाळकांनी सोमीबाईचे प्रभुभोजन दोन महिने बंद केले. त्याच वेळी स्वतःचेही केले, आणि ते दोन महिने शेजारच्या गावचे पाळक येऊन प्रभुभोजन देऊन गेले. मी त्यांना भेटून सांगितले की हा निव्वळ हट्ट आहे, तुम्ही तिचे शेत वाचवलेत आणि आता तिलाच शिक्षा करता. ते म्हणाले, बाई, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सोमीबाईने काहीच तक्रार केली नाही. दोन महिने ती मागच्या बाकावर बसली आणि याकूब पुढे उभा राहून शास्त्रपाठ वाचत राहिला. त्याला कोणी काही केले नाही, कारण त्याने काही कबूलच केले नव्हते.

८ एप्रिलला सोमीबाई कागद घेऊन आली. गुजरातीत होता. डॉक्टरांना थोडी गुजराती येत होती, मला त्यांच्याहून बरी. आम्ही दोघांनी मिळून वाचला. बाज्याची वारस म्हणून विधवा सोमी हिचे नाव लागले होते. पुढे 'राहणार परराज्य' असे लिहिले होते, आणि बाई शेत स्वतः कसते की नाही याची दरसाल खात्री करावी, असा शेरा होता. मी चिडले. म्हणजे दर वर्षी कोणीतरी येणार, दर वर्षी हिने नाल्याकाठी उभे राहून आपण कुठल्या ते सांगायचे. मी म्हटले, याच्यावर आपण वर अर्ज करू, मी आजच लिहायला घेते.

ती ओटीवर जमिनीवरच बसली होती. कागदातल्या ओळींवरून तिने बोट फिरवले.

"यात माझं नाव कुठं आहे?"

मी दाखवले.

"हेच ना? मग बाकीचं ऱ्हाऊ द्या बाई. येऊ दे त्यांना, मी शेतातच असते."

मी पुन्हा समजावले. तिने मान हलवून "हां बाई" म्हटले, तेव्हाच मला कळले की अर्ज होणार नाही. शेतात भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा भाजायचा होता, वारा पडला होता, म्हणून ती चहालाही थांबली नाही. कागद लुगड्याच्या ओच्यात खोवून ती गेली, पाच मैल, आणि मग नाला ओलांडून.

त्या संध्याकाळी मी वहीत कागदाची तारीख, क्रमांक आणि शेरा पूर्ण उतरवून घेतला. खाली लिहिले आहे, स्टोव्हची पिन मोडली, चुलीवर खिचडी केली.